पाणी उतरल्याची खूण

लाखनी,
ता. ८ जुलै २०२४

प्रिय मिलका हिस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तू म्हणशील, फोन असताना ही बाई पत्रं कशाला लिहीत बसते. अगं, फोन कानाला लावला की आमचे हे समोर येऊन उभे राहतात, कोणाशी बोलून राहिली म्हणून विचारतात, आणि जे बोलायचं ते राहूनच जातं. शिवाय नागपूरच्या नर्सिंग होस्टेलात आपण एका खोलीत राहायचो, तेव्हा माझं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर तुला लागायचं. ते अजून लागत असेल असं धरून लिहिते.

आमच्या ह्यांचं, यादोरावांचं, विसरणं वाढलंय. सुनेला, तृप्तीला, ते शाळेतली बाई समजतात आणि मला कधीकधी वहिनी म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असा मान मिळाला, म्हणून मी हसून घेते. पण पूर मात्र ते विसरत नाहीत. चार वर्षांपूर्वी करडीकडच्या आमच्या गावात वैनगंगा शिरली, घर गेलं, आणि धाकटे दीर कैलाशभाऊजी बैलांचे कासरे सोडायला परत गेले ते गेलेच. तुला तेव्हा लिहिलंच होतं. तेव्हापासून आम्ही मुलाकडे, अतुलकडे, राहतो. इथं हायवे आहे, ट्रक आहेत, नदीचा पत्ता नाही.

तरी आभाळ गडगडलं की हे उठतात. पाणी येऊन राहिलं, पोते वर घ्या म्हणून ओरडतात. तांदूळ, गाद्या, तृप्तीचा मिक्सर, सगळं छतावर न्यायला निघतात. सत्तरी उलटलेला माणूस, जिन्यात दम लागतो, पण थांबत नाहीत. एवढं करतात, पण कैलाशभाऊजींचं नाव एकदाही काढत नाहीत. मी म्हणते, पूर कवाचाच उतरला जी. तर म्हणतात, तुले कोनं सांगतलं? जन्मभर पेशंट सांभाळले आणि घरचा एक मला सांभाळता येत नाही.

आपल्या मेट्रनबाई नाताळात पुराची गोष्ट सांगायच्या, शेवटी इंद्रधनुष्य यायचं. ती मुळात तुमच्याच यहुदी लोकांची ना? नीट लिहून पाठव. आम्ही देव मानत नाही, त्यामुळे भांडायलासुद्धा कोणी सापडत नाही.

अतुल-तृप्तीचा नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
सत्यवती


अश्दोद,
ता. २ ऑगस्ट २०२४

प्रिय सत्या,
सप्रेम शालोम. वि. वि.

शब्बाथला, आमच्या विश्रांतीच्या दिवशी, मी दिव्याचं बटण दाबत नसे आणि तू कपाळाला हात लावून ते दाबायचीस. तीच तू आज मला धर्मग्रंथ विचारतेस! माझ्या नातीला हे सांगितलं तर ती हसली. तिला मराठी येत नाही, पण माझ्या तोंडून तुझं नाव ऐकून ऐकून पाठ झालंय.

तर ऐक. पृथ्वी बुडाली, नोहाचं तारू तेवढं वाचलं. पाणी उतरल्यावर देवाने करार केला, की असा जलप्रलय पुन्हा आणणार नाही, आणि त्याची खूण म्हणून ढगात आपलं धनुष्य ठेवलं. लढाई संपल्यावर शिपायाने हत्यार खुंटीला टांगावं तसं, असं कोणी सांगतात. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडते. ती खूण माणसासाठी नाही म्हटलेली. देव म्हणतो, मी ते पाहीन आणि मला माझा शब्द आठवेल. बायका पदराला गाठ मारून ठेवतात ना, तसंच. पुढे यहेज्केल संदेष्ट्याला देवाच्या तेजाभोवती पावसातल्या धनुष्यासारखी झळाळी दिसली. ख्रिस्ती लोकांच्या शेवटच्या पुस्तकात तर सिंहासनाभोवतीच इंद्रधनुष्य आहे, पाचूच्या रंगाचं. ते मेट्रनबाईंनीच मला दाखवलं होतं.

आमच्यात इंद्रधनुष्य दिसलं की आशीर्वाद म्हणतात, कराराची आठवण ठेवणाऱ्या, दिल्या शब्दाला जागणाऱ्या देवा, असा. पण त्याकडे टक लावून बघायचं नाही आणि काही जण तर शेजाऱ्याला बोलावूनही दाखवत नाहीत. कारण ते आनंदाचंच आहे असं नाही. जग बुडवण्याच्या लायकीचं झालं होतं, हेही ते सांगतं. अलिबागेत माझी आजी आम्हा पोरांना दंडाला धरून आत ओढायची. मला तेव्हा तिचा फार राग यायचा.

पण यादोभाऊंसाठी नियम मोड. दिसलं की हाताला धरून बाहेर ने आणि सांग, ही पाणी उतरल्याची खूण. पाप माझ्या नावावर लिही. इथं हल्ल्याचा भोंगा वाजला की आम्ही जिन्याखाली जाऊन बसतो आणि संपलं असं आम्हाला कोणीच सांगत नाही. निदान तुमच्याकडे तरी कोणी सांगू दे.

यादोभाऊंना शालोम. तब्येतीला जप आणि मला मनातून काढू नकोस.
तुझीच,
मिलका


लाखनी,
ता. १७ सप्टेंबर २०२४

प्रिय मिलका,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र वेळेवर मिळालं. उत्तराला उशीर केला, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. तू स्वतःला दोष देशील, म्हणून आधीच सांगते, देऊ नकोस. करणारी मी आहे.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गल्लीतली पोरं लाकडी बैल सजवून फिरत होती. पाऊस आला तशी ती पांगली आणि हे पोत्याला भिडले. पण सर लगेच ओसरली, ऊन पडलं आणि हायवेच्या पलीकडे इंद्रधनुष्य उमटलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! यांना हात धरून अंगणात आणलं, तू लिहिलेलं सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. देवाबिवाला हसणारा माणूस, पण त्यांना पटलं गं. खांदे सैल पडले. खुर्ची मागितली, चहा मागितला. मला सत्या म्हणून हाक मारली.

चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, पानी उतरलं, मंग कैलास काहून नाही आला? बैल घेऊन याले एवढा उशीर?

फाटकाशी जाऊन उभे राहिले. रस्त्यावरचा एकेक माणूस निरखून पाहत होते. दवाखान्यात मी कितीतरी घरांना अशी बातमी सांगितली आहे, खोटं बोलू नये हेच शिकले. यांनाही खरं सांगितलं. ते पुराच्या दिवशी आम्हाला काढणाऱ्या नावेत रडले होते तसेच रडले, मोठ्याने, भाऊ भाऊ करत. शेजारी धावून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी हे रडणं विसरले. पण पूर उतरल्याचं तेवढं लक्षात राहिलं, आणि पुन्हा फाटकाशी जाऊन तोच प्रश्न. मी पुन्हा सांगितलं, ते पुन्हा रडले. त्यांच्यासाठी भाऊजी दर वेळी नव्यानेच जात होते. अतुल म्हणाला, आई, बस कर आता. मलाही सहन होत नव्हतं.

मग एक दिवस ढग आले. ते विचारात पडले तशी मीच म्हणाले, पानी येऊन राहिलं जी. ते ताडकन उठले. पोत्याचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी धरलं, आणि आम्ही जिना चढलो.

तुझ्या देवाला शब्द आठवावा म्हणून धनुष्य लागतं. माझ्या माणसाला ते दिसू नये म्हणून मी धडपडते. पाणी आहे तोवर कैलाशभाऊजी बैल सोडवून येतच आहेत. हे बरोबर की चूक मला कळत नाही. विचारायला तुझ्याशिवाय कोणी नाही.

आज सकाळपासून लख्ख ऊन आहे. मघाशी त्यांनी विचारलं, पानी उतरलं का. मी खिडकी लावून घेतली आणि म्हणाले, अजून नाही जी.

लोभ राहू दे.
तुझी,
सत्यवती