यादीत मी, तू नाहीस

ठकू,

कुकर गरम आहे, आल्या आल्या जेव. शेजारच्या काकूंचा कोट शिवून झालाय, खुंटीवरून काढून दे.

विद्यापीठाची यादी लागली. तुला सोबत म्हणून प्रवेशपरीक्षेला बसले काय, नि पात्र ठरले मी! परीक्षेत तू माझ्या कितीतरी पुढे आहेस गं, पण शाळेच्या शेवटच्या वर्षाचे गुणही धरतात म्हणे. माझे जुनेपुराणे चालले, तुझे कमी पडले.

ते अख्खं वर्ष तू दवाखान्यात माझ्या उशाशी काढलंस. ते कुठे धरतात, एवढंच विचारायला निघालेय.

मी परत आल्यावर माझं अभिनंदन तेवढं करू नकोस. तू करशील, माहितेय मला.

आई