शालन, तुझ्या केतकीच्या गोळीबद्दल

प्रिय शालन,

तुला जाऊन सहा वर्षं झाली आणि पत्र आज लिहितेय. आज केतकीला घेऊन राहुरीला डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. तिथे जे बोलले, ते खरं तर तुला आधी सांगायला हवं होतं.

तुझी लेक एकोणीस वर्षांची झाली. पाळी आली की दहा-दहा दिवस थांबत नाही. हिमोग्लोबिन सातवर आलंय. कॉलेजचा जिना चढताना धाप लागते, आणि वर मलाच म्हणते, "मोठ्याई, तुम्ही उगाच काळजी करता!" गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या, तर भाऊजींनी घर डोक्यावर घेतलं. "वहिनी, त्या गोळीचं नाव काढायचं न्हाई. तिची आई गेली त्या गोळीनं. आता पोरगी घालवू व्हय?"

मी गप्प बसले असते तर सोपं होतं. पण पोरीचं रक्त रोज जातंय, त्याचं काय?

आठवतं तुला ते वर्ष? महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशीच तुझी तारीख. सोवळ्यातला स्वयंपाक, आणि आपण दोघीच जावा. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून मीच आणल्या, चिठ्ठीशिवाय. पुढे घट बसले, तेव्हा पुन्हा मीच. तू हसून म्हणालीस, "अक्का, तुम्ही बी.एस्सी. झालेल्या. तुम्ही म्हणता म्हंजी बरोबरच असंल!"

केमिस्ट्री शिकलेली मी, पाकिटातला कागद उलगडूनही पाहिला नाही. तुझ्या पायांच्या फुगलेल्या शिरा मला दिसत नव्हत्या का?

आणि तू तरी! पोटरी सुजली, ठणकायला लागली, तर चार दिवस तेल चोळत बसलीस. का गं? मी ओरडेन म्हणून? पायातली गाठ फुफ्फुसात गेली, असं हॉस्पिटलात सांगितलं, तोवर तू गेली होतीस. गोळीमुळेच झालं, असं छातीठोकपणे कुणी म्हणालं नाही. गोळीमुळे नाही, असंही कुणी म्हणालं नाही.

आज तू कशी गेलीस ते मी सांगितलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आईने त्या गोळ्या कुणाच्या सल्ल्याने घेतल्या होत्या?" केतकी शेजारच्याच खुर्चीत होती.

"माझ्या," मी म्हटलं.

बाई रागावल्या. "आईचं हे गेल्या वेळी का नाही सांगितलंत? मी हिला नेहमीची गोळी देणार होते!" मग नीट समजावलं. इस्ट्रोजेनच्या गोळीने रक्त गोठण्याचा धोका वाढतो, म्हणून आईची अशी हकीकत असलेल्या मुलीला ती नको. हिला नुसत्या प्रोजेस्टेरॉनची, कमी मात्रेची गोळी. तिनेही मळमळेल, मधेच डाग दिसतील. पाय सुजला किंवा बसल्या जागी दम लागला तर त्याच दिवशी यायचं. पण काहीच न देणं हाही धोकाच, म्हणाल्या. मला पटलं.

बाहेर आल्यावर केतकी चालता चालता थांबली. "इतकी वर्षं का नाही सांगितलं?"

"हिंमत नव्हती."

"तुम्हाला? अख्खी गल्ली घाबरते तुम्हाला!" डोळे पुसून पुढे म्हणाली, "गोळी मी घेणार. पण पप्पांना तुम्ही सांगायचं. आजच. सगळं."

तुझ्यापेक्षा खमकी निघाली, शालन!

एवढ्यात भाऊजी शेतातून येतील. चहा झाला की त्यांना समोर बसवून दोन्ही सांगणार: केतकीची गोळी उद्यापासून सुरू, आणि तुझ्या गोळ्या मी आणल्या होत्या. ते माझ्याशी बोलणं टाकतील. टाकू देत. तीन महिन्यांनी तपासणीला तिला मीच नेणार. आणि या घरात देवासाठी यापुढे कुणी गोळी घेणार नाही. पाळी आलेल्या बाईच्या हातचा नैवेद्य मी स्वतः महालक्ष्म्यांपुढे ठेवीन. ज्याला चालत नसेल, त्याने जेवायला येऊ नये.

फाटक वाजलं. आले वाटतं. उठते.

तुझी,
अक्का