व्हर्नन हॉब्डेने माझ्यावर हात उगारला

१२ मे, मंगळवार
आज गुन्हा घडला. बळी : मी, क्लेमंट ऑटवेल, पालिकेच्या पार्किंग खात्यातून निवृत्त. आरोपी : व्हर्नन हॉब्डे, आमच्या बोल्स (हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ) क्लबचा नवा कॅप्टन. मला संघातून काढलं. जाब विचारला तर म्हणतो, "क्लेम, तुझा गोळा हल्ली आपल्या हिरवळीवर थांबतच नाही." मी त्याला गाढव म्हणालो. त्याने गोळ्यासकट हात उगारला. मॉरीनचं म्हणणं, तो गोळा कसा टाकायचा ते दाखवत होता. माझीच बायको त्याची बाजू का घेते? लक्ष ठेवणे.

१३ मे
लायब्ररीतून कायद्याचं पुस्तक आणलं. सोन्यासारखं पुस्तक! इंग्लंडात मार खावाच लागत नाही. समोरच्याने नुसता हात उगारला आणि आपल्याला वाटलं की आता बसणार, झाला गुन्हा. अंगाला हात लावला तर दुसरा गुन्हा. इजा झाली तर तिसरा, मोठा. व्हर्नन, तुझे दिवस भरले.

१५ मे
पोलीस ठाण्यात गेलो. कॉन्स्टेबल एकहर्स्ट नावाची पोरगी. तिने विचारलं, "त्या क्षणी तुम्हाला वाटलं का, की हा आता मारणार?" मी ठणकावून सांगितलं, "छे! त्याची काय बिशाद!" तिने पेन खाली ठेवलं. मारेल असं वाटलंच नाही तर गुन्हाही नाही, म्हणाली. म्हणजे भित्र्यांना न्याय आणि शूरांना घंटा. (दोन पावलं मागे सरलो होतो हे खरं. पण ती व्यूहरचना.)

१९ मे
गुन्हा क्रमांक दोनची तयारी. पुस्तक म्हणतं, गर्दीतला धक्का, पाठीवरची थाप चालते, कारण त्याला आपली मूक संमती असते. मग ती काढूनच घेतली! क्लबात खुर्चीवर उभं राहून जाहीर केलं : आजपासून मला कोणीही हात लावायचा नाही. चहा बघणारी डॉट फेअरक्लफ म्हणाली, "क्लेम, पण वर्षभरात तुला लावला कोणी?" सगळे हसले. ठरवून हसल्यासारखे.

२३ मे
दुपारभर क्लबच्या अरुंद दारात उभा राहिलो. धक्का लागणं अटळ. सगळे मागच्या दाराने गेले. त्यांना सल्ला कोण देतं?

३० मे
क्लबात चहा. सॉसेज रोल घशात अडकला. श्वास बंद. डोळ्यांपुढे अंधारी. भोवती सगळे गोळा, आणि सगळ्यांचे हात खिशात! व्हर्नन कानात ओरडतोय, "अरे, हात लावू का? हो की नाही ते सांग!" मी मान हलवली. (तो झटका होता, संमती नव्हे.) त्याने पाठीत पाच-सहा दणके घातले. रोल सुटला तो डॉटच्या हॅटवर. बाई रडत होती. कशाला रडायचं? इतका कोरडा रोल केला कोणी? हिनेच. कट दिसतो.
पाठ निळी पडली आहे. म्हणजे गुन्हा क्रमांक तीन!

१ जून
एकहर्स्टबाईंना फोन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मिस्टर ऑटवेल, तुम्ही हॉब्डेंचे आभार मानलेत का?" पोलीसही सामील.

३ जून
बेल वाजली. काचेतून पाहिलं तर व्हर्नन. पाठीमागे काहीतरी लांब लपवलेलं. काम तमाम करायला आला, नक्की! छत्री घेतली, दार उघडलं, उगारली. तो मागे सरकला आणि थेट गुलाबाच्या ताटव्यात. तोंड ओरबाडलं, मनगट मुरगळलं. पाठीमागे रुबार्बची, म्हणजे त्या लांब आंबट देठांची, जुडी होती. त्याच्या बागेतली. माझ्यासाठी.
पोस्टमनने सगळं पाहिलं.

४ जून
एकहर्स्टबाई घरी आल्या. व्हर्ननलाही बोलावलं होतं. त्यालाही तोच प्रश्न : मारणार असं वाटलं का? "हो बाई," तो म्हणाला, "जाम घाबरलो." सगळ्यांदेखत! कबूल करताना जराही लाज नाही. बाईंनी पेन उचललं. घाबरून मागे सरताना लागलं तरी दोष उगारणाऱ्याचाच, असं मला समजावलं. ते पान मी वाचलं नव्हतं.
व्हर्नन म्हणाला, "मला तक्रार नाही करायची. निवृत्त झाल्यापासून त्याला करमत नाही. दंडाच्या चिठ्ठ्या लावायला गाड्या नाहीत ना आता."
माफी मागितली. तो म्हणाला, "काय म्हणालास?" पुन्हा मागावी लागली.
मॉरीनने त्या रुबार्बचा भाजलेला गोड क्रम्बल केला होता. व्हर्ननला वाढला, त्याच्या मनगटाची पट्टी बदलली, एकहर्स्टबाईंना आग्रह केला. मी म्हणालो, आणि मला?
म्हणाली, "वाटी कपाटात आहे. तुझं तू घे."