चारात एक

१२ जाने., सोम.
परभणी. भक्तीला रक्त चढवलं. डावी शीर मिळाली नाही, उजवी धरली. थेंब जलद पडत होते, नर्सला सांगितलं. ती म्हणे, 'काका, तुमी डॉक्टर हाव का?' नाही. सेलूत मोटारी रिवाइंड करतो. पण भक्तीच्या जन्मापासून थॅलेसेमिया मिळेल तिथून वाचलाय. माझी आई आणि सुरेखाचे वडील सख्खे बहीण-भाऊ. आम्ही नवरा-बायको दोघंही मायनर, म्हणजे नुसते वाहक. आम्हाला त्रास नाही, धाकटीला पूर्ण आजार. थोरली शिवानी आमच्यासारखीच मायनर.

१४ जाने., संक्रांत
पालमहून थोरली बहीण, अक्का आली. वाण आणि शिवानीला साडी. शिवानी पाळण्यात होती तेव्हाच अक्कानं कुंकू लावून तिला आपल्या पोरासाठी, मन्मथसाठी मागितलं. आता तारीख धरा म्हणते. म्हणालो, आधी मन्मथचं रक्त तपासू.
'आमचं गोत्र वेगळं. रक्त एक कसं हुईल?'
गोत्र बापाकडून येतं, अक्का. हे दोन्हीकडून येतं.
'तू मोटारी बांध. माझ्या पोरात खोट काढायलास?'
तिळगूळ तसाच ठेवून उठली.

१९ जाने., सोम.
मन्मथ दुकानात. आईला चोरून. 'मामा, तपासा. पण सुईला भ्यायलो हे शिवानीला सांगू नका.' दोघंही हसलो. लॅबमध्ये माझाच नंबर दिला.

२४ जाने., शनि.
रिपोर्ट. एचबीए-टू ५.२. साडेतीनच्या आत पाहिजे होता. पुन्हा वाचला. मायनर.
दोघं मायनर, म्हणजे चारात एक लेकरू भक्तीसारखं. एक वाचलं म्हणून पुढचं वाचतं असं नाही. दर खेपेला नव्यानं चारात एक.
मन्मथ फोनवर, 'आईला कळलं तर ती सोयरीक मोडंल. अन् नाव शिवानीचं हुईल, माझं न्हाई.' खरं आहे.
शिवानीला सांगितलं. 'पोटात असतानाच तपासणी होती ना अप्पा? तुमीच म्हणले होते.' म्हणालो होतो. अन् वाईट निघालं तर...

२७ जाने., मंगळ.
अक्काचा राग उतरला. सुरेखाला फोन. शिवरात्र झाली की साखरपुडा. मला विचारलंच नाही. सुरेखा म्हणते, 'घरातली पोरगी घरात जायली. बाहेर कोण करंल तिला, भक्तीला बघून?'

२ फेब्रु., सोम.
परभणी. खिडकीजवळची तीच खाट. नळी लागल्यावर भक्ती हळूच,
'अप्पा, ताईचं लेकरू माझ्यासारखं हुईल म्हणून लग्न मोडायलात का?'
कोण म्हणलं?
'दोन तर खोल्या हायत आपल्या. समदं ऐकू येतंय. झालं माझ्यासारखं, तर काय हुतंय?'
रक्त लागतं. लोह साठतं, आधी यकृतात, मग हृदयात. सगळं पाठ आहे मला. थेंबाकडं बघत वही काढून बसलोय.
अक्काचा फोन. वाजून बंद झाला. पुन्हा वाजायलाय.
भक्तीनं मोकळ्या हातानं फोन माझ्याकडं सरकवलाय.