टिप्या कुणाला बोलावतो

९ मार्च, रविवार
अंगणात साप निघाला. माझी गौरी तिथंच खेळत होती. मी दोरीवर कपडे टाकत होते, अगदी जवळ. टिप्या भुंकत माझ्या अंगावरून पळाला आणि थेट अक्काच्या दारात. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आल्या, पोरीला उचललं, साप दगडांत गेला. गल्लीभर कौतुक, कुत्र्याचं आणि अक्काचं. मी काय मेले होते का तिथं? मेल्याला रोज भाकरी मी टाकते.

१२ मार्च
लातूरहून यायला अंधार. ऑफिस, मग बस. गौरी अक्काच्या मांडीवर जेवत होती. म्हणाली, "तू जा, मोठीआई भरवून राहिली." हसले. घरात येऊन भांडी आदळली.

१६ मार्च, रविवार
दिवसभर टिप्यावर नजर. भंगारवाला आला. भुंकणं त्याच्यावर, मान मात्र सारखी अक्काच्या दाराकडे. अक्का पिठाच्या हातानं बाहेर. "हाव, बघितलं रं." लगेच गप. दुपारी माकडं आली, तेव्हाही तेच. म्हणजे तो भिववत नाही नुसता, बोलावतो. जे माणूस येतं, त्याला. मी आतूनच ओरडते, गप बस म्हणून.
कळलं खरं, पण जळफळाट वाढलाच. मी दिवसभर लातुरात. येणार कुठून?

१८ मार्च
ह्यांना म्हटलं, लातुरात खोली बघू, गौरीला घेऊन जाऊ. पाळणाघर आहे ऑफिसजवळ. हे म्हणाले, "अन् अक्काला कोन सांगनार?" मी तर नाही. तरी एका खोलीवाल्याशी फोनवर बोलून ठेवलं.

२१ मार्च
अक्का माहेरी, लोह्याला. भाचीचं लग्न. मी रजा टाकली. आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

२३ मार्च, रविवार
टिप्या भुंकला की हातातलं टाकून बाहेर. "हाव, बघितलं." गाय हाकलली तरी हा अक्काच्या कुलपाकडे बघून भुंकतोय. संध्याकाळी एकदा मात्र माझ्याकडे बघून गप बसला. येड्यासारखी खूश झाले.

२४ मार्च
दुपारी गौरी झोपेतून दचकून उठली. "मोठीआई." धावले, आले गं आले म्हणत. तिनं मला नीट बघितलं. मग पुन्हा तीच हाक, आणखी मोठ्यानं.
कडेवर घेऊन अक्काच्या दारापर्यंत नेलं, कुलूप दाखवलं. रडून रडून माझ्याच खांद्यावर झोपली.
खोलीवाल्याला उद्या हो-नाही कळवायचंय.