मुलांचा रकाना

१० जून १९९६
रजा टाकून पुण्याला गेलो. कन्सल्टंटनी कॅनडाच्या कायम वास्तव्याचा फॉर्म समोर बसवून भरून घेतला. माझं टूल अँड डाय मेकरचं, साचे बनवायचं काम त्यांच्या यादीत आहे. वय एकतीस, अनुभव नऊ वर्षं. काम होईल म्हणाले.
मुलांच्या रकान्यापाशी अडलो. खाली बारीक अक्षरात आहे, हयात नसलेलीही लिहावीत. म्हटलं, एक मुलगी होती. सोनाली. ऑगस्टला तिला जाऊन दोन वर्षं होतील.
"मृत्यूचा दाखला आहे?"
"नाही."
"मग लिहू नका. उगाच फाइल अडकते. नसलेल्याची चौकशी कोण करतंय?"
त्यांनी 'नाही' लिहिलं. खाली सही माझी.

११ जून
बायकोची, मंगलची सही पेन्सिलच्या फुलीवर घेतली. "माझं काय काय लिवलंय ह्यात?" नाव, जन्मतारीख, चौथी पास. "अन् पुढं?" पुढं काही नाही म्हणालो. फॉर्म इंग्रजीत, तिला वाचता आला नाही. बरं वाटलं. हे इथं लिहायला नको होतं, पण वाटलं.

२३ जुलै
कॅनडाचं टूलरूममध्ये कळलंच. शिंदे म्हणाला, "दत्ता, तितं गुडघ्याएवढा बर्फ पडतोय म्हणं. तू हितं पंख्याखाली शिंकतोस." सगळे हसले, मीही हसलो. मग हळूच विचारलं त्यानं, "पर का जातुयास? चांगली नोकरी हाय की."
पगार, म्हणालो.
खोलीशेजारची पूजा सोनालीच्याच वयाची. आता निळा फ्रॉक घालून बालवाडीला जाते, रोज आमच्या दारावरून. पगाराचं खोटं नाही. पण तिथं हे दार नसेल.

१६ ऑगस्ट
दोन वर्षं. मं. नं दूधभात केला. कुणी खाल्ला नाही.

११ नोव्हेंबर
दिवाळीला गावी, दादाकडे. पिंपळीच्या पुढं एस.टी. बंद पडली, पोचायला दुपार झाली.
दादा रानात घेऊन गेला. आडसाली ऊस चांगला आलाय. बांधाच्या वळणावर थांबला. "तू कॅनडाला गेल्यावर हा कोपरा बी सरीत घेतो. आजाची मेंढरं बसायची तवापसनं पड हाय. चार सऱ्या निघतील."
त्याच कोपऱ्यात सोनालीला पुरलंय. लहान मूल, जाळत नाहीत. वर एक धोंडा आहे. खड्डा दादानंच घेतला होता. विसरला असेल असं नाही. वर्षानुवर्षं वळसा घालून नांगर मारतोय, कंटाळला असेल.
मागं वळलो तर मं. उभी. हातात दुधाची वाटी.

१२ नोव्हें.
परतताना एस.टी.त मं., "तुमचं दादा काय म्हनत हुतं ते ऐकलं मी." एवढंच.

३ फेब्रुवारी १९९७
एम्बसीचं पाकीट. दोघांची वैद्यकीय तपासणी करा. कन्सल्टंट फोनवर खूश, "झालंच म्हणून समजा."

२० फेब्रु.
पुण्यात तपासणी. माझी अर्ध्या तासात आटोपली. मं. आत गेली ती बराच वेळ. बाहेर आली तेव्हा पदर गच्च धरलेला. काय झालं विचारलं, काही नाही म्हणाली.
पाटसला गाडी थांबली. चहा घेतला नाही. तिथं बोलली.
"डाक्टरबाईनं पोट बघितलं. म्हनली, सिझर झालंय की, मूल कुठंय? म्या सांगितलं. तर कागद बघून म्हनती, हितं तर मुलं न्हाईत लिवलंय."
मी तपासणीची पावती घडी करून खिशात घातली.
"मग हे टाके कुनाचे, म्हनली ती मला."
बारामतीपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली होती.

२१ फेब्रु.
कामावर एक डाय बिघडवली. नऊ वर्षांत पहिली.

१८ मार्च
एम्बसीचं पत्र. फॉर्म आणि तपासणीत फरक आहे. खुलासा करा, मुलाच्या जन्माचा आणि मृत्यूचा दाखला, दुरुस्त फॉर्म, सगळं जूनअखेर पोचलं पाहिजे. नाहीतर फाइल बंद.
कन्सल्टंट चिडले. "बायकोला पढवून आणायचं ना!" मग थंड झाले. "सोपा उपाय आहे. मूल मृतच जन्मलं असं अॅफिडेव्हिट करू. मृत्यूचा वेगळा दाखलाच लागत नाही. एका दिवसाचं काम."
टाइप केलेला स्टँप पेपर घेऊन आलो. का आणला ते सांगता येणार नाही. जूनअखेर डोक्यात होतं.

१९ मार्च
मं. ला वाचून दाखवला, मराठीत सांगत. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
"मेलेली जल्मली?"
"कागदापुरतं आहे."
"दोन वरीस सात महिने सांभाळली मी. तुमी आठ दिसांतनं एकदा येत हुता बारामतीसनं, पिशवीत बिस्किटाचा पुडा घिऊन. तुमाला कागदापुरती असंल."
सही केली नाही. कागद घडी घालून माझ्या डब्याखाली ठेवला. निजताना म्हणाली, "जायाचं तर तिला लिवून जायाचं. न्हायतर तुमी एकटं जावा."

४ एप्रिल
जन्माची नोंद नगरपालिकेत सापडली. बारामतीच्या दवाखान्यात जन्मली म्हणून. आईचं नाव, बापाचं नाव, स्त्री, तारीख. बाळाच्या नावापुढं आडवी रेघ. बारसं नंतर झालं, नाव लावायला कुणी गेलंच नाही. म्हणजे मीच गेलो नाही.

७ एप्रिल
गावी ग्रामसेवकाकडे. मृत्यूची वही तीनदा उलटली. "न्हाय हो. बारक्या पोराची नोंद गावात कोन करतंय? माणूस मेला तर सातबाऱ्यासाठी करत्यात. पोराच्या नावावर काय असतंय?" खरं आहे. आता वर्ष उलटलं म्हणून इंदापूरच्या कोर्टाचा हुकूम लागेल. ती होती याचा एखादा कागद, आणि पुरताना हजर असलेला साक्षीदार.

८ एप्रिल
अंगणवाडीत गेलो. बाईंनी पत्र्याच्या पेटीतून जुनं वजनाचं रजिस्टर काढलं. 'सोनाली दत्तात्रय'. दर महिन्याला एक आकडा. एका पावसाळ्यात कमी झालेला, मग परत भरलेला. शेवटचा दहा किलो दोनशे.
पुढचे दोन महिने 'गैरहजर'.
"मला ठावं हुतं की," बाई म्हणाल्या. "पर नाव लगीच कमी कराया हात झाला न्हाय. सुपरवायझर बाईंची बोलणी खाल्ली."
दहा-दोनशे. मी उचलली असेन कितीदा तरी. वजन आठवत नाही.

९ एप्रिल
दादाला साक्षीचं विचारलं. ट्रॅक्टरचं चाक बघत म्हणाला, "कोर्टात काय सांगायचं?" जे झालं ते. "बरं."

२ मे
कोर्टाला उन्हाळी सुट्टी. वकील म्हणतात जूनमध्ये लगेच लावू.

११ जून
तारीख लागली. दादा धुतलेला सदरा-टोपी घालून आला होता. साहेबांनी विचारलं, तुम्ही हजर होता? दादा म्हणाला, "व्हय. ताप हुता रातभर. सकाळी दवाखान्याला न्याया जीप यायच्या आत गेली. खड्डा म्याच घेतला." कुठं? "माझ्याच रानात, बांधाच्या कोपऱ्याला." इतकं विचारलं नव्हतं, पण पुढं म्हणाला, "हाताएवढी हुती."
बाहेर येऊन टोपीनं तोंड पुसलं. मं. झाडाखाली उभी होती. तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुमी हितं असस्तोवर मी त्या कोपऱ्याला हात लावत न्हाय."
मग माझ्याकडे वळला. "तू गेल्यावरचं मला इचारू नगंस, दत्ता. माझ्यामागं पोरं कसत्याल रान. त्यास्नी काय म्हाईत?"
रागावता आलं नाही. खरंच बोलला.

२३ जून
मृत्यूचा दाखला मिळाला. गोल शिक्का. नगरपालिकेतही नाव लावून घेतलं. मं. नं बोट ठेवून वाचलं, सोनाली. जास्तीची एक प्रत मागून घेतली. कुठं ठेवली ते विचारलं नाही.

२५ जून
पूजाची आई दारात. "कधी निगायचं मग?" मं. म्हणाली, "बघू." पूजाला आत बोलावून वेणी घालून दिली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी कामावर उशिरा गेलो.

२६ जून
दुरुस्त फॉर्म आज पुरा करायचा. उद्या सकाळी दहाच्या आत कुरिअरला दिला तर जूनअखेर पोचतो.
खुलाशात सरळ लिहिलं: मुलगी होती, मी लिहिली नाही, चूक माझी. कन्सल्टंटना विचारलं नाही.
मुलांचा रकाना आला. मं. म्हणाली, "ते मी लिवते." इंग्रजी अक्षरं मी वहीवर काढून दिली, तिनं बघून बघून उतरवली. जन्म. मृत्यू. एकही खाडाखोड नाही.
ओळीच्या शेवटी एक चौकोन उरला. "ह्यात काय?"
"सोबत येणार का. हो की नाही."
"मेलेल्यास्नी बी इचारत्यात?"
"सगळ्यांना एकच फॉर्म आहे."
तिनं पेन टेकवलं. शाईचा ठिपका पडला. मग पेन उचलून टोपण लावलं आणि चूल बघायला गेली.
चौकोन तसाच आहे; रिकामा गेला तर फाइल अडकेल. मी 'नाही' भरू शकतो, दोन अक्षरांचं काम. पाकीट उघडं ठेवलंय.