पत्र्याची होडी आणि माझी सही

प्रिय भाई,

सोमवारी मत्स्योद्योग खात्यात एक अर्ज द्यायचा आहे. त्यावर माझी सही लागते आणि ती मी अजून केलेली नाही. वहिनी देवळात कौल लावूया म्हणत होती. मी नकार दिला. ज्या गोष्टीचं उत्तर वेल्डिंग करणारा माणूस देऊ शकतो ती देवाला विचारू नये, असं मी तिला सांगितलं. त्यावर तिने मला सुनावलं, "मगे तुमच्या भावाक विचारा, आनी मगे सही करा." तुला विचारायचा दुसरा मार्ग मला ठाऊक नाही. म्हणून लिहिते आहे.

तुझी होडी संपली, भाई. तू गेल्यापासून ती किरणपाणीच्या काठावर माडाखाली पालथी पडून होती. गेल्या महिन्यात तुझ्या मुलाने, सुदेशने, ती उलटवायला तळाला हात लावला आणि त्याचा हात मनगटापर्यंत आत गेला. किड्याने लाकूड आतून खाल्लं होतं. आता त्याला पत्र्याची होडी हवी आहे, अल्युमिनियमची. नाही मिळाली तर तो परदेशी बोटीवरच्या नोकरीला जाणार. "थंयसर होडी कोणाच्या नावार आसा ती बघूक नको," असं मला ऐकवून झालं आहे.

ते नाव माझं आहे, आणि ही चूक तुझी. होड्यांची नोंदणी आली तेव्हा तू माझ्यापुढे कागद टाकलास. "शालू, तू मास्तरीण. कागद तुका कळतत. तुज्या नावार कर." म्हापशाच्या कॉलेजात जाऊन आलेली घरात मी एकटीच, म्हणून होडीची मालकीणही मीच. मला पोहता येत नाही. तुझ्या होडीत मी आयुष्यात चार वेळा बसले असेन, त्यात दोनदा तुझ्यावर ओरडले. ज्याचे हात जाळ्यात, त्याच्या नावावर होडी असायला नको होती का?

गेल्या आठवड्यात सुदेश मला तुये गावातल्या एका शेडमध्ये घेऊन गेला. तिथे अशा होड्या बनवतात. वेल्डिंग करणारा मूळचा कोल्हापूरकडचा, पन्नाशीचा, बोलायला मोकळा. त्याने सुदेशला "या मालक" म्हटलं.

"मालक मी न्हंय," सुदेश म्हणाला. "मालकीण ही. माजी आते. हिच्या सहीशिवाय आमच्या घरात पाटसुद्धा हलणा नाय."

तो माणूस माझ्याकडे वळला. "मग बाई, तुमालाच दावतो. ऐकून घ्या. मी आजवर होडीत बसलो न्हाई, पर बसणाऱ्याला खोटं सांगत न्हाई."

दोन होड्या तयार होत्या. एक अठरा फुटी, टोकदार तळाची, लाटा कापणारी. सुदेशचे डोळे तिच्यावर. केरीला नदीच्या मुखातून बाहेर समुद्रात जाता येईल, असं त्याने वाटेत मला तीनदा सांगितलं होतं. दुसरी चौदा फुटी, सपाट तळाची, तीन आडव्या फळ्यांची. लाटेत ती धडधडते, पण उथळ पाण्यात उभं राहून जाळं टाकायला स्थिर. मी सुदेशला तीत उभं राहायला सांगितलं. शेडच्या सिमेंटवर, कोरड्या होडीत उभा राहून त्याने रिकाम्या हातांनी जाळं फेकून दाखवलं. वेल्डिंगवाला म्हणाला, "मासा घावला का?" पोरगा हसला, भाई. तू गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

मी चौदा फुटी ठरवली. जाड पत्र्याची, कारण नदीतले खडक तुला माहीत आहेत. आपल्या घराला नदी पुरते. शेवटे मासे नदीत मिळतात, कुर्ल्या नदीत मिळतात, तुझा सगळा संसार त्या पाण्यावर झाला. सुदेशने तोंड फुगवलं, पण वाद घातला नाही.

मग मी एक मूर्खपणा केला. होडीचं वजन किती, ते विचारण्याऐवजी मी वाकले आणि तिचं एक टोक उचलून पाहिलं.

उचललं गेलं. चौसष्ट वर्षांच्या बाईला. गुडघ्यापर्यंत.

सुदेश "आते, सोड, कंबर धरात" म्हणत धावला. मी टोक खाली ठेवलं आणि शेडबाहेर जाऊन उभी राहिले. त्याला वाटलं, मला चक्कर आली.

तुला कळलं ना, मी बाहेर का आले ते? तीन वर्षांपूर्वी रविवारी सकाळी तू कुठूनसा एक कागद आणलास. त्यावर अशाच होडीचं चित्र होतं. "शालू, ही हलकी असता. लाकडाची वर ओढताना खांदो भरून येता." मी भाजी निवडत होते. कागद हातातही घेतला नाही. "पत्र्याच्या डब्यात बसून कुणी मासे धरतं का? लाकडाला काय धाड भरली आहे? मी सही करणार नाही." तू कागदाची घडी केलीस, "बरां" म्हणालास आणि घरामागच्या परड्यात निघून गेलास.

नाही म्हणायला माझ्याकडे कारणही नव्हतं. नाही म्हणणं मला सोपं जातं, इतकंच. शाळेत तीस वर्षं तेच केलं. पण शाळेतली मुलं दुसऱ्यांदा विचारायची, तिसऱ्यांदा विचारायची. तू का विचारलं नाहीस? मी एवढी कठीण होते का?

गेल्या मे महिन्याच्या शेवटी ती लाकडाची होडी भरतीच्या रेषेवर ओढताना तू खाली बसलास आणि उठला नाहीस. मी डॉक्टरला विचारलं, होडीच्या वजनाने झालं का? तो म्हणाला, तसं सांगता येत नाही. त्या दिवसापासून हे एक वाक्य मी धरून बसले होते. आता ते टोक माझ्या हाताने उचललं गेल्यावर काय धरू?

यातलं वहिनीला काही माहीत नाही.

आता खरी अडचण. आपल्या घराची तांब्याची पट्टी. आबांनी न्हाणीतल्या पाणी तापवायच्या फुटलेल्या भाणाचा पत्रा कापून ती केली आणि होडीच्या पुढच्या टोकाला, पाण्याखाली राहील अशी ठोकली. त्यांची होडी गेली तेव्हा तू तीच पट्टी काढून तुझ्या होडीला ठोकलीस. आता वहिनीचा हट्ट की ती नव्या होडीला लागलीच पाहिजे. "सासऱ्यांनी मारलेली, तेणी मारलेली. तिच्याशिवाय माजो झील पाण्यात उतरूचो नाय."

मी शेडमध्ये सहज विचारलं. वेल्डिंगवाल्याने हातातलं काम खाली ठेवलं.

"बाई, लाकडाला तांबं मारा, पितळ मारा, काय बी मारा. ह्याला नगो. खाऱ्या पाण्यात तांबं ह्या पत्र्याला खातंय. आधी पांढरी बुकटी येती, मग खड्डा, मग भोक. आनि ते बी पाण्याखाली. कळनार कुनाला?"

"मध्ये रबर घातलं तर?"

"बोल्ट आरपार जाणारच की. आज न्हाई तर उद्या."

"मग पाण्याच्या वर लावली तर?"

"खारं पानी वर उडतंय न्हवं?"

घरी येऊन मी वहिनीला हे सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तो खंयचो? कोल्हापूरचो. तेका दर्याचा काय कळता?" वर लावण्याचंही तिला पटलं नाही. "पाण्यात नाय तर ती पट्टी कित्याक?"

सुदेशने संध्याकाळी मला परड्यात गाठलं. "आते, तू सही कर. आवशीसमोर पट्टी मारतंय, दुसऱ्या दिसा काढतंय. तिका कोण सांगात?"

"मी सांगेन."

"तू कित्याक सांगतस?"

कारण मला खोटं चालत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. तो पाय आपटत गेला.

म्हणजे बघ. पट्टी लावली तर होडीला भोक पडणार. नाही लावली तर वहिनी त्याला नदीत जाऊ देणार नाही आणि तो परदेशी जाणार. लपवून लावली-काढली तर आईला फसवलं. आणि या सगळ्यावर सही माझी. शुक्रवारी मी म्हापशाला गेले. बाजारातून काही आणायचं नव्हतं. स्टँडवर तासभर बसून डिचोलीच्या, पणजीच्या गाड्या सुटताना पाहिल्या आणि पेडण्याच्या गाडीत बसून परत आले. दुसरीकडे कुठे जाणार होते?

इथवर शनिवारी लिहिलं. पुढचं आज, सोमवारी.

रविवारी सकाळी मी वहिनीसमोर बसले. होडी सुदेशच्या नावावर करण्याचा एक कोरा अर्जही मी आणून ठेवला होता. तो तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, आधी माझं ऐक. तीन वर्षांपूर्वी, भाई, तू काय मागितलंस आणि मी काय उत्तर दिलं, ते सगळं सांगितलं. भाजी निवडण्यासकट. एकदा नाही म्हटलं त्याचं काय झालं ते मी पाहिलं आहे, म्हणून या वेळी पट्टीला नाही म्हणताना मी कारण देते आहे, असं म्हटलं. पट्टी लागली तर होडीचा तळ जाईल. त्यात सुदेश असेल.

 वहिनी म्हणाली, "माका म्हायत आसा. तेणी त्याच दिसा सांगितलेल्यानी."

"मग वर्षभर मला काही बोलली का नाहीस?"

"तेणी सांगितलेल्यानी, शालूक बोला नको, ती मनाक लावून घेयत."

भाई, हे तू काय केलंस? मला दोष द्यायला तू घरात कुणाला ठेवलंच नाहीस.

मी कोऱ्या अर्जाकडे बोट केलं. म्हटलं, आता हे नाव माझ्यावरून काढूया. होडी त्याची, त्याच्या नावावर जाऊ दे. वहिनीने अर्ज उचलला. तिला वाचता येतं, तिने सावकाश वाचला.

"पट्टी नको तर नको," ती म्हणाली. "पण नाव तुमचाच रवांदे. उद्या काय झाला तर माका कोणाक तरी विचारूक मेळाक व्हया."

 तू असतास तर तिला काय म्हणाला असतास?

मी नव्या होडीच्या अर्जावर सही केली. तुला एक वचन देते. होडी पाण्यात पडल्यावर दर रविवारी ओहोटीला मी किरणपाणीला उतरेन, होडी पालथी करायला लावेन आणि तिच्या तळावरून माझा स्वतःचा हात फिरवेन, टोकापासून टोकापर्यंत. पावसात, उन्हात, सुदेश चिडला तरी. माझ्याने वाकवेल तोवर.

तुझी धाकटी बहीण,
शालन

सोमवारी कुणाला काय दिलं, ते लिहून ठेवते:

सुदेशला: सही केलेला अर्ज, जुन्या होडीचं नोंदणीपुस्तक, शेडमधली पावती. पैकी अर्ज त्याने दुपारी खात्यात दिला.

वहिनीला: तांब्याची पट्टी. जुन्या होडीवरून मी पक्कडीने चार खिळे काढून सोडवली. खिळेही दिले. तिने दोन्ही पदराने पुसून घेतले.

वहिनीकडून मला: नाव बदलण्याचा अर्ज, न भरलेला, परत.